भिंत गरम लागते

"अजून दोन उन्हं लागतील त्याला," काकी म्हणाली. "मुठीत धरून बघा तरी."

"तुझी दोन उन्हं येईपर्यंत बर्फानं घाट बंद होईल," नवरा म्हणाला. त्यानं गवताचा भारा पाठीवर घेतला आणि शिडी चढू लागला.

काकीनं खाली सांडलेलं मूठभर गवत उचलून पिळलं. वाळलेलं गवत पिळलं की कडकड तुटतं. हे दोरीसारखं वळलं आणि तळहात ओला करून गेलं. वरून पिवळं, आतून हिरवं. सकाळचं धुकं दुपारपर्यंत शेतातून हलत नव्हतं, गवत वाळणार कधी? तिनं ती मूठ शिडीवरच्या नवऱ्याच्या नाकासमोर धरली. त्यानं मान फिरवली. बघायचंच नसलं तर डोळे असून काय कामाचे.

गावात त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे पुरेलका. कारण काहीही दाखवा, काहीही सांगा, त्याचा पहिला सवाल ठरलेला: पुरेल का? नवी दोरी आणली, पुरेल का? पाहुणे येणार, पुरेल का? स्वतःच्या लग्नात पंगत बसली तेव्हा नवरदेवानं उठून वाढप्याला हाच सवाल केला होता, असं लोक सांगत. काकी म्हणायची, साफ खोटं. पण असं म्हणताना ती हसू दाबायची, त्यामुळे खरं काय ते देव जाणे.

त्याच्या सवालाला मात्र ती कधी हसली नाही. तो लहान असताना एक हिवाळा असा आला होता की बंद झालेला घाट उघडायचं नावच घेईना. बापानं गादीतलं गवत उसवून गाईला घातलं, मग छपराचं उपसून घातलं. गाय मेलीच. गाईमागून धाकटी बहीण गेली, घरात दुधाचा थेंब नव्हता म्हणून. हे त्यानं काकीला लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

त्यात यंदा रेडिओ रोज तेच बोलत होता. थंडी लवकर येणार, जास्त येणार, रस्ते बंद पडतील, लोकांनी धान्य, मीठ, रॉकेल, औषधं भरून ठेवावीत. झालं. दुकानापुढे रांगा लागल्या. मेणबत्त्या संपल्या, मग काड्यापेट्या संपल्या, मग दुकानदारानं फळीवर रिकामे खोके मांडून ठेवले, दुकान भरल्यासारखं दिसावं म्हणून. पुरेलकाचं घर तेव्हा कधीच भरून झालं होतं. धान्याची पिंपं, मिठाची बरणी, काड्यापेट्या पत्र्याच्या डब्यात, खिडक्यांच्या फटीत चिंध्या. यात वाईट काहीच नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यापेक्षा हा केव्हाही शहाणा. पण गवत म्हणजे मीठ नव्हे, कोंबलं आणि झाकण लावलं की टिकायला.

गोठ्यावरचा माळा त्यानं आढ्यापर्यंत भरला. भारा टाकायचा, पायानं तुडवायचा, वर दुसरा टाकायचा. दोन गाई आणि एक कालवड, त्यांना दोन हिवाळे पुरेल एवढं गवत. वारा शिरायला बोटभर जागा ठेवली नाही.

शेवटचा भारा चढत होता तेव्हा शेजारच्या सुताराची आई आली. वय झालेली, कमरेत वाकलेली, हातात रिकामी दोरी. सुताराची जमीन उतारावरची. तिथलं गवत यंदा पावसानं झोपवलं ते कुजलंच.

"दोन-चार भारे देतोस का रे?" ती म्हणाली. "आमची एकच गाय. उन्हाळ्यात माझा लेक तुला दारं-खिडक्या करून देईल."

पुरेलका पटकन खाली उतरला आणि उतरताना माळ्याचं दार त्यानं ओढून घेतलं. म्हातारीला आतलं दिसू नये म्हणून. काकीनं ते बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठून देऊ मावशी? आमचंच पुरत नाही."

म्हातारी वळली. दोरी हातावर गुंडाळत आली तशी गेली.

"दिले असते चार भारे तर आभाळ कोसळलं असतं का?" काकीनं विचारलं.

"आज हिला देऊ, उद्या गाव दारात उभं राहील. तेव्हा तू काय घालणार जनावरांना? तुझी माया?"

मग थंडी पडली. सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखी साय धरू लागली. लोक हातपाय पोटात घेऊन बसायचे आणि पुरेलकाचा गोठा मात्र उबदार. गोठ्याला लागून सुनेची खोली होती. मुलगा घाटापलीकडे कामाला, सून आणि तिचं तान्हं बाळ त्या खोलीत. पुरेलकाला केवढा अभिमान. "यंदा शेगडीसुद्धा लागणार नाही पोरीला," तो ज्याला त्याला सांगायचा. "माळा भरलेला असला म्हणजे घर कसं गोधडीत असतं."

सूनही खुशीत होती. बाळाची दुपटी ती गोठ्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवायची, घटकेत सुकायची.

"आत्याबाई, हात लावून बघा ना," एका सकाळी ती म्हणाली. "भिंत गरम लागते. वरच्या बाजूला तर चटकाच बसतो. लाडच करते माझे ही भिंत."

काकीनं हात लावला. भिंत दगडमातीची. पलीकडे चूल नाही, शेगडी नाही. हात काढला तरी तळव्यातली धग गेली नाही.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले की. आधी नुसती कोमट होती."

काकी गोठ्यात गेली. तिथे साखर करपल्यासारखा गोड वास भरून राहिला होता. चांगलाच वास, पण साखर करपवायला गोठ्यात कोण बसलं होतं? कोपऱ्यातली गाय दावं ताणून जागा सोडून उभी होती आणि वर माळ्याकडे बघून फुरफुरत होती. काकी अंगणात आली. रात्री भुरभुर बर्फ पडला होता. सगळ्या गावाची छपरं पांढरी झाली होती. त्यांच्याच गोठ्याच्या छपरावर मधोमध खाटेएवढी जागा काळी, ओली, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

माहेरी, ती लहान असताना, एक गोठा असाच भर हिवाळ्यात पेटला होता. दिवा नाही, चिलीम नाही. गाव म्हणालं कोणीतरी डाव साधला, आणि त्यावरून दोन घरं कायमची तुटली. तिचा बाप मात्र एवढंच म्हणाला होता की गवत ओलं भरलं होतं, ते आपलं आपण पेटलं. कोणी ऐकलं नाही. माणसाला वैरी सापडला की तो ओलं गवत कशाला शोधेल.

तिनं पहार घेतली, शिडी चढली आणि गवतात दोन्ही हातांनी खुपसली. थोडा वेळ थांबली. बाहेर ओढली आणि टोकाला हात लावला, तशी पहार तिच्या हातातून सुटून खाली दगडावर खणकन पडली.

आवाजानं पुरेलका धावत आला. "काय पाडलंस?"

"उचला ती," काकी म्हणाली. "टोकाकडून उचला."

त्यानं उचलली आणि लगेच टाकली. बोटं तोंडात घातली. वर माळ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण भीती जुनी असली की ती नव्या भीतीला आत येऊ देत नाही.

"तापतंच थोडं," तो म्हणाला. "आपोआप निवेल."

"आत निखारा झालाय. तुमची नात त्या भिंतीला पाठ लावून झोपते."

"मग काय करू? उपसून टाकू? कुठे टाकू? बाहेर बर्फ आहे. सगळं भिजेल, सडेल. घाट आज-उद्या बंद होईल. मग जनावरांना काय, माती घालू?"

"लोकांच्या पडव्या आहेत. गोठे अर्धे रिकामे आहेत सगळ्यांचे. सुताराची तर अख्खी शेड मोकळी आहे."

"सुताराची?" तो म्हणाला. "त्याच्या आईला मी काय बोललोय, आठवतं ना? कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तुम्ही नका जाऊ," काकी म्हणाली.

तिनं सुनेला हाक मारली, बाळाला गोधडीत गुंडाळून समोरच्या घरी धाडलं. मग तिन्ही जनावरांची दावी सोडली आणि ती स्वतःच हाकत रस्त्यावर काढली. भर थंडीत दावणीची जनावरं रस्त्यावर आलेली बघून माणसं दारात आली. काकी थांबली नाही. सरळ सुताराच्या अंगणात गेली आणि म्हातारीपुढे उभी राहिली.

"मावशी, आमचा माळा आतून पेटतोय. जनावरं ठेवून घे. आणि लेकाला पाठव. जमेल तेवढ्या माणसांना पाठव. पाणी घेऊन."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, क्षणभरच. मग आत वळून ओरडली, "अरे ए, रंधा ठेव खाली."

सुतार आला, लोहार आला, दुकानदार आला, त्यांच्या बायका आल्या. विहिरीपासून गोठ्यापर्यंत माणसं उभी राहिली, बादल्या हातोहात येऊ लागल्या. सुतारानं ओल्या गोणपाटानं डोकं गुंडाळलं आणि माळा कडेनं उपसायला घेतला. "मधे हात घालू नका," तो ओरडत होता. "हवा लागली की भडकेल."

भारे खाली येऊ लागले. बायका दोरी लावायच्या आणि जवळ दिसेल त्या छपराखाली घेऊन पळायच्या. एक भारा, दुसरा, दहावा. येतच राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ती मूठ पुरेलकाच्या डोळ्यांदेखत गावभर उघडी पडत होती. तो स्वतः भारे झेलत होता आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

सुताराची आई काठी टेकून अंगणात उभी होती. कितीतरी वेळ नुसती बघत होती.

"एवढं होतं होय रे?" ती हळूच म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच नवल वाटलं होतं. पुरेलकानं भारा खाली ठेवला आणि तो तसाच वाकून राहिला. त्या क्षणी तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मधलं गवत हाती लागलं तेव्हा ते काळं होतं, तंबाखूसारखं. सुतारानं फावडं घातलं आणि आतून धूर आला. मग भप्पकन जाळ उठला, थेट आढ्याला भिडला. बायका किंचाळल्या. पुरेलका शिडीवर चढला, सुताराला मागं ओढलं आणि स्वतः पुढे होऊन बादल्या ओतू लागला. आढ्याचं एक लाकूड जळालं, त्याच्या भुवया जळाल्या, हातावर फोड आले. पण जाळ बसला. दुपार कलली तेव्हा अंगणात काळ्या लगद्याचा ढीग वाफाळत पडला होता. घर उभं होतं.

चांगलं गवत निम्म्याहून कमी उरलं आणि तेही गावभर. कोणाच्या पडवीत किती, कोणी मोजलं नव्हतं. काळ्या ढिगाकडे बघत बसलेल्या पुरेलकाचे ओठ हलू लागले. काकीला कळलं, हिशोब चाललाय. तिच्याही मनात तोच चालला होता. सगळ्यांच्या जनावरांसमोर आता तेच गवत होतं, आणि कोणाची गाय शेजारी पडलेलं गवत खाल्ल्याशिवाय राहील? हिवाळा तर आत्ता कुठे लागत होता. संध्याकाळी घाटाकडून आलेल्या माणसानं सांगितलं की वर रस्ता दिसत नाही, आपणच शेवटचे उतरलो. मुलगा पलीकडेच राहिला होता. सून तोंडाला पदर लावून आत गेली.

बर्फ पुन्हा सुरू झाला. जनावरं सुताराच्याच शेडमध्ये होती, गोठा अजून धुमसत होता. त्यांच्या वैरणीची वेळ झाली. काकी उठली, पण नवऱ्यानं तिला हातानं थांबवलं. फडक्यानं बांधलेल्या हातात दोरी घेतली आणि तो निघाला. तीही चार पावलं मागं राहून गेली.

सुताराच्या शेडचं दार लोटलेलं होतं. फटीतून कंदिलाचा उजेड आणि चार जनावरांच्या रवंथाचा आवाज येत होता. सुताराची गाय कुणाचं गवत खात होती ते सांगायला नको. पुरेलका दारापुढे उभा राहिला. आत ठेवलेलं गवत त्याचं, गाई त्याच्या. तरी त्याचा हात दाराला लागेना. मग त्यानं कडी वाजवली.

"कोण?" म्हातारीनं आतून विचारलं.

"मी," तो म्हणाला. मग फटीशी वाकून पुन्हा म्हणाला, "मी आहे मावशी. वैरण मागायला आलोय."

मग काठी टेकत म्हातारी आली आणि तिनं दार उघडलं.

"ये," ती म्हणाली. "आणि उद्यापासून कडी वाजवू नकोस. ढकलून आत येत जा. गाय दचकते."