नियतकालिकांच्या कपाटाची किल्ली

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. पण त्यात माझा काय दोष? माणसाचा माणसावर भरवसा असता, तर मला कुणी घडवलेच नसते.

नगरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासून घासून आकार दिला आणि कॉलेजच्या ग्रंथालयातले काचेचे कपाट माझ्या ताब्यात आले. त्यात परदेशी शास्त्रीय नियतकालिके असत. ती तीन-तीन महिने प्रवास करून येत. ग्रंथपाल काकासाहेब नव्या अंकाचा आधी वास घेत, मग त्यावर शिक्का मारत, अंक कपाटात ठेवत आणि मला फिरवत. खट् असा आवाज झाला की आम्हा दोघांनाही बरे वाटे. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, अगदी छातीशी राही. बाहेरगावचे प्राध्यापक कपाट पाहून म्हणत, "काय जपलंय हो!" तेव्हा मला धन्य वाटे.

१९९४ साली मात्र घात झाला. वनस्पतिरोगांवरच्या एका अंकातली एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पाने कुणीतरी ब्लेडने कापून नेली. चोर सापडला नाही. काकासाहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यानंतर पिशवी दाराबाहेर ठेवायची, अंक त्यांच्या टेबलासमोर बसूनच वाचायचा आणि परत देताना ते एकेक पान उलटून पाहणार, असा नियम झाला. हळूहळू मुले यायची थांबली. पुढे परदेशी अंकही बंद झाले. महिनोन्‌महिने मला कुणी फिरवले नाही, तरी मी खिशातच होते.

१९९९ मधल्या एका शनिवारी दीपा आली. ती खर्डा गावची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, त्या काणी रोगावर तिने प्रबंध लिहिला होता. तो सोमवारी द्यायचा होता आणि संदर्भांच्या यादीवर ग्रंथपालांची सही लागत होती. काकासाहेब सही करण्याआधी प्रत्येक लेख डोळ्यांनी पाहत. तिने दिलेल्या कागदांतली आठ पाने त्यांनी पाहिली आणि ते ताडकन उभे राहिले. एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस!

"ही पानं तुझ्याकडे कशी?"

"सावेडीत एकांकडे इंटरनेट आहे सर. तिथून छापून घेतली."

"झेरॉक्स दिसतेय ही! चौऱ्याण्णव साली तू इथंच अकरावीला होतीस ना?"

"होते. पण तेव्हा मला या कपाटाजवळ उभं तरी केलं होतं का तुम्ही? सर, त्या नियतकालिकाच्या लोकांनीच जुने अंक संगणकावर ठेवलेत. कुणीही वाचावेत म्हणून. फुकट."

"फुकट कोण देतंय? सोमवारी प्राचार्यांसमोर बोलू."

त्यांनी ती पाने कपाटात टाकली आणि मला फिरवले. खट्. खरे सांगते, मला आनंद झाला. पाच वर्षांनी चोर सापडला होता! दीपाचा चेहरा पांढराफटक पडला. प्रबंध राहिला बाजूला, आता तिच्या नावालाच डाग लागणार होता.

ग्रंथालयात झाडलोट करणाऱ्या रंगुबाई शनिशिंगणापूरच्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"काकासाहेब, चोरीचा माल एकदाच घावतो. पोरगी म्हनती ते खरं असंल, तर ती पानं परत निघतील. चला की बघायला! का भ्या वाटतं?"

"मला कसली भीती?" असे म्हणून काकासाहेबांनी स्कूटर काढली. मागे दीपा बसली.

सावेडीतल्या त्या खोलीत मी खिशातूनच ऐकत होते. बराच वेळ इंटरनेटसाठी फोनची लाईन लागेना. मी मनात म्हटले, बघा, थाप उघडी पडली. मग छपाईचे यंत्र खरखरले. एक्केचाळीस. बेचाळीस. एकेक करत आठही पाने बाहेर आली. माझ्याशेजारी काकासाहेबांचे काळीज जोरात धडधडत होते.

"नाव नाही विचारलं? सही नाही घेतली?"

"नाही सर."

"आणखी एकदा काढ बरं."

पुन्हा आठ पाने निघाली.

ग्रंथालयात येताच त्यांनी दीपाच्या यादीवर सही केली आणि खाली मान घालून म्हणाले, "पोरी, चुकलो मी." मग खळ कालवून त्यांनी एक प्रत त्या कापलेल्या अंकात जागच्या जागी चिकटवली. कपाट उघडेच ठेवले आणि मला शेजारच्या खिळ्याला अडकवले.

"रंगुबाई, पण या मोकळ्या मालाची राखण कोण करणार?"

"आमच्या घराला दार न्हाई, म्हनून काय आमी घर राखत न्हाई व्हय? कुत्रं शिरू नये म्हनून फळी टेकवतो. मानसाला न्हाई अडवत."

मित्रांनो, अजूनही मी खिळ्यावरच आहे. संशय काही जात नाही. पाने कापणारा कोण होता ते मला कळले नाही, आणि ज्या यंत्रात ते अंक आहेत ते उद्या बंद पडले तर काय, हा घोरही आहेच. म्हणून सांगते, जे सर्वांसाठी मोकळे आहे, ते कुणाचेच नाही असे समजू नका. त्याला कुलूप नको, पण एक फळी जरूर टेकवा.

संध्याकाळी घरी निघताना काकासाहेबांचा हात अजून सवयीने छातीशी जातो. खिसा रिकामा लागतो. मग ते मागे वळून कपाटाकडे पाहतात. तिथे कुणीतरी अंक उघडून वाचत उभे असते, आणि काकासाहेब त्याचे वाचून होईपर्यंत दाराशी थांबतात.