शहाण्या मुलाची आई

कोटाच्या दोन्ही बाह्या त्याच्या हातून डाव्याच कापल्या गेल्या, तेव्हा शिवणखान्याच्या मालकांनी आवाजसुद्धा चढवला नाही. ते कापड त्यांनी सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि त्याला विचारलं, "प्रोफेसर, गिऱ्हाइकाचे दोन्ही हात डावे आहेत, हे आमच्यापासून का लपवलंत?" यंत्रं थांबली, हशा पिकला. पुन्हा असं झालं तर कात्री जाईल आणि इस्त्री हाती येईल, हेही त्यांनी त्याच गोड सुरात सांगून टाकलं.

कात्रीखेरीज त्याच्यापाशी मिरवण्यासारखं काही नव्हतं. पण खडूची रेघ संपण्याआधीच मन कुठल्या कुठे निघून जाई आणि परतताना फक्त शरम घेऊन येई. अलीकडे तर शरमही थकली होती. सकाळ अंगावर ओल्या घोंगडीसारखी पडून राही.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. बायकोने हाती दिल्याशिवाय ज्याला स्वतःचे मोजे सापडत नसत, तो थोरला भाऊ शिस्तीवर प्रवचनं झोडी. "मनाला लगाम घालावा लागतो. मी नाही का घातला?" त्याच्या मनाला लगामाची गरजच काय? ते जन्मापासून एका जागी बसून रवंथ करत होतं.

शेवटी तो एकटाच मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेला. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "लक्ष न टिकण्याचा हा विकार मोठेपणी अचानक उगवत नाही. तुमचं लहानपण पाहिलेल्या कुणाशी तरी मला बोलावं लागेल. त्याशिवाय औषध देणार नाही."

आई बक्षीस समारंभाला निघाल्यासारखी नटून आली. थोरला न बोलावता आला.

"लहानपणी चंचल होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! इतका शहाणा मुलगा आमच्या अख्ख्या गोतावळ्यात नव्हता."

तो फरशीकडे बघत राहिला. आईच्या अभिमानाने त्याचं औषध गिळलं होतं, आणि तिला त्याची चवही लागली नव्हती.

"शाळेत?"

"पहिल्या बाकावर. बाईंच्या खुर्चीला खेटून. त्यांनीच बसवलेला."

"आणि घरी अभ्यास?"

"दिवेलागणीपासून जेवणापर्यंत जागचा हलायचा नाही. सुतळीचं एक टोक त्याच्या पायाला, दुसरं माझ्या मनगटाला. मी स्वयंपाक करायची. जरा उठला की हिसका बसायचा, मी ओरडायची, की हा परत..."

ती थांबली. तिने आपल्या मनगटावरून हळूच बोट फिरवलं.

"रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

बक्षीस समारंभाचा चेहरा उतरवून ठेवत ती म्हणाली, "रोज. लिहा ते."

डॉक्टरांनी लिहिलं. तपासण्यांशी हे जुळत होतं, खिन्नताही त्या विकारावरच साचलेली होती. त्यांनी गोळी सुरू केली, कामाची आखणी शिकायला दर आठवड्याला यायला सांगितलं.

थोरल्याने नाक मुरडलं. "म्हणजे आता गोळी खाऊन अक्कल येणार का याला?"

"तू गप्प बस," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुला कधी बांधावं लागलं नाही."