काडी रडली

फाटक्या जाळ्याचे शिशाचे मणी.

आंबिलीचा आंबूस वास.

सुगंधाबाईचा डावा कान.

मूठभर वाळक्या काटक्या.

केवळरामानं भाता थांबवला, सुगंधाबाईनं आणलेला गंज, पितळी पातेलं, जवळ ओढला आणि कथिलाची काडी तिच्यापुढे धरली. धानोऱ्यात रिवाजच तसा होता. कल्हई लावण्याआधी घरच्या बाईनं काडी कानाशी नेऊन वाकवायची. खरं कथील वाकताना कुरकुरतं. कल्हईवाले म्हणत, काडी रडली. त्याचा बाप सांगायचा, आत कण कुशीवर निजलेले असतात. काडी वाकली की रांगच्या रांग दुसऱ्या कुशीवर वळते, उलटी वाकवली की पुन्हा पहिल्या. त्या वळण्याचा तो आवाज. शिसं मिसळलं की काडी मुकी, आणि आंबटात ते शिसं विष होऊन उतरतं.

चांद्याच्या बाजारात कथील महागलं होतं. जाळ्याचे मणी त्यानं तळ्याकाठी वेचून परवाच कथिलात वितळवले होते.

"कशाचा गंज हा, बाई?"

"आंबिलीचा. नातसून बाळंत झाली ना गा. दोन्ही वक्त तेच पिते." म्हातारीनं त्याला न्याहाळलं. "तू एवढा वाळला काऊन? बायको जेवू घालत नाई का?"

तो हसला, पण मान वर केली नाही.

सुगंधाबाईनं काडी कानाशी नेली, अंगठे टेकवले आणि वाकवली. केवळरामानं मांडीआड मुठीतल्या काटक्या चुरडल्या. तो आवाज त्याला फार मोठा वाटला.

"रडली," ती म्हणाली. "तुह्या बापाची काडी अशीच रडे."

गंज भट्टीवर चढला. नवसागराचा पांढरा धूर उठला. आता तापल्या पितळेला काडी टेकवायची, एवढंच राहिलं होतं. त्याचा हात तिथवर गेला आणि अडला.

"आज नाई होत, बाई. भाता फाटला."

"आत्ता तं चालून राह्यला होता."

"फाटला." त्यानं भाता पाठीमागे सरकवला. "पुढच्या बाजारी लावून देतो. तवरी आंबील मडक्यातच ठेवा. यात नका ठेवू."

"बरं. मले काई घाई नाई." गंज निवल्यावर तिनं तो काखेत मारला. "भाता शिवून घे. अन् जेवत जा."

ती वळणाआड गेल्यावर त्यानं काडी स्वतःच्या कानाशी धरली. वाकवली. सरळ केली. पुन्हा वाकवली.

सुगंधाबाईचा डावा कान लहानपणीच बहिरा झाला होता, आणि दर वर्षी काडी ती त्याच कानाशी नेत असे.