बोटीवरचं सोवळं

मित्रांनो, आधी गैरसमज दूर करतो. मी वकिलाचा डगला नाही. बँडवाल्याचा नाही, जादूगाराचा तर मुळीच नाही. माझ्या बाहीत ससा नाही, हवं तर हात घालून बघा. मी एक जुना डिनर-कोट आहे. म्हणजे बोटीवर रात्रीचं जेवायला घालायचा कोट. न्याहारीला नाही, दुपारी नाही, फिरायलाही नाही. फक्त रात्रीच्या जेवणाला. एवढ्याशा कामाला एवढा मोठा पोशाख कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण मी कोट आहे, माझं कोण ऐकतं?

माझा जन्म अंधेरीचा. चोपन्न-पंचावन्न साल असेल. स्टेशनाजवळ लवू शिंप्याचं दुकान होतं. लवू मालवणकडचा. त्याचा हात शाळेच्या चड्ड्यांवर आणि लग्नातल्या बँडच्या गणवेशांवर बसलेला. एके दिवशी विद्याधर खांबेटे नावाचे तरुण इंजिनियर त्याच्याकडे आले आणि त्यांनी बोट-कंपनीचं एक चोपडं त्याच्यासमोर उघडून धरलं. त्यात एका सडपातळ साहेबाचं चित्र होतं. साहेब काळ्या कोटात होता, गळ्याला काळ्या टायचं फुलपाखरू बांधलं होतं आणि चेहरा असा, की जेवण अजून आलेलं नाही.

"असला कोट शिवायचाय," विद्याधर म्हणाले. "बोटीवर जेवायला."

"जेवूक कोट?" लवू म्हणाला. "सायबानू, आमच्यात जेवूक बसताना आंगातलो सदरो काडून ठेवतत!"

"त्यांच्यात उलटं आहे."

"म्हणानच त्येंचा राज्य गेला," असं म्हणून लवूने टेप काढली.

मला लोकरीचं काळं कापड मिळालं. कॉलरला चकचकीत सॅटिन हवं होतं, ते लवूने एका नाटकमंडळीच्या फाटक्या झग्यातून काढलं. माझ्याबरोबर त्याच कापडाची एक पाटलोण शिवली गेली. ती माझी धाकटी बहीण. लवूने जुन्या सवयीने माझ्या खांद्यांवर सोनेरी झालरही लावली होती. विद्याधरांनी ती उसवायला लावली. तिचे टाके अजून दिसतात. म्हणून तर लोक मला बँडवाला समजतात.

आता तुम्ही विचाराल, अंधेरीच्या इंजिनियराला हा खटाटोप कशाला? तर त्यांची पंप बनवणारी कंपनी त्यांना सहा महिने शिकायला विलायतेला पाठवत होती. दुसऱ्या वर्गाची तिकिटं संपली म्हणून पहिल्या वर्गाचं काढलं. आणि पहिल्या वर्गाचा नियम चोपड्यात ठळक छापला होता: सूर्यास्तानंतर जेवणघरात येणाऱ्या पुरुष उतारूंनी डिनर-कोट घालणे आवश्यक आहे.

सगळं तयार होतं. पासपोर्ट, पेटी, मी. एकच गोष्ट नव्हती: भाऊंचा होकार.

भाऊ म्हणजे विद्याधरांचे वडील. विद्याधरांची आई लवकर गेली, तेव्हापासून भाऊंनीच त्यांना वाढवलं. त्यामुळे विद्याधरांनी ठरवून टाकलं होतं, की भाऊ हो म्हणाले तर जायचं; नाहीतर पंप इथेच बघायचे. आणि भाऊ काही हो म्हणेनात. समुद्र ओलांडायला त्यांची हरकत नव्हती. थंडीलाही नव्हती. त्यांची हरकत होती कपड्यांना.

"ज्या पाटलोणीनं दिवसभर जगाच्या खुर्च्या पुसायच्या," ते म्हणत, "तीच घालून जेवायचं? माणसानं उपाशी मरावं त्यापेक्षा."

भाऊ स्वतः रोज कद नेसून जेवत. कद म्हणजे रेशमी सोवळं. भाऊंचा जांभळा होता. अंघोळ करून तो नेसायचा आणि जेवण होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. ऑफिसातून आलेल्या मुलाला नाही, शाळेतून आलेल्या शेजारच्या पोराला नाही, कुणालाच नाही. स्वयंपाकघरावर राज्य होतं भाऊंच्या धाकट्या बहिणीचं, कुंदाआत्याचं. ती तर मांजरालाही हटकायची, आणि मांजर ऐकायचं.

मी घरी आलो त्या संध्याकाळी भाऊंनी मला लांबूनच पाहिलं. "हे काय, कोर्टात जायचंय का विलायतेत?"

विद्याधर चोपडं शोधू लागले. तेव्हा त्यांची बायको उत्तरा म्हणाली, "मामंजी, हा फक्त जेवणाचा कोट आहे." आणि तिने चोपड्यातला नियम मराठी करून वाचला.

भाऊंनी मान वर केली. "म्हणजे जेवायला वेगळं वस्त्र?"

"हो."

"ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही?"

"नाही."

"आणि कुणी दिवसाच्या कपड्यांत आला तर?"

"त्याला आत घेत नाहीत. त्याचं ताट खोलीत पाठवतात. एकट्यानं जेवायचं."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. मग म्हणाले, "कुंदे, ऐकलंस? इंग्रज सोवळ्यात जेवतो! आणि आपण त्याला घालवून दिला."

"शिवलेलं कसलं आलंय सोवळं?" आत्या आतून कडाडली. "सोवळ्याला सुई लागली की संपलं."

"कापड कसलं आहे?" भाऊंनी विचारलं.

"लोकरीचं," विद्याधर म्हणाले.

"लोकर! म्हणजे धाबळीच झाली ही. लोकरीला विटाळ नसतो, कुंदे. आजोबा प्रवासात धाबळीच नेसायचे. राहता राहिली सुई. तर सुई बोटीवर चालते."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो. तू गेली आहेस का कधी बोटीवर?"

आत्या गेली नव्हती. भाऊही गेले नव्हते. पण विचारणारी ती होती, त्यामुळे हरली ती.

झालं, भाऊ हो म्हणाले. आणि माझे हाल सुरू झाले. मला न्हाणीघराजवळच्या उंच दांडीवर, कदाच्या शेजारी, काठीने वाळत घातलं. मी ओला नव्हतो, तरीही. मला शिवायचं असेल तर आधी अंघोळ. बहिणीलाही तोच नियम. लवू शेवटचं माप बघायला आला, तर आत्याने त्याला अंगणातच थांबवलं.

"मियांच शिवलंय, नि आता माकाच शिवूक नाय?" लवू हसून हसून ओट्यावर बसला. मग तिथूनच ओरडून माप घेऊ लागला. "आत्यानू, डाव्या बगलेत ओडता काय बगा!" आत्या अंघोळ करून आली आणि तिने विद्याधरांच्या बगलेत टाचणी खुपसली. ते ओरडले. "ओडता," आत्याने कळवलं.

बोट सोमवारी सकाळी सुटणार होती. रविवारी भाऊ म्हणाले, "उद्यापासून परक्यांत जेवशील. आज घरात एकदा नीट होऊन जाऊ दे." रांगोळी काढली. पाट मांडला, ताट वाढलं. विद्याधर अंघोळ करून मला, बहिणीला आणि फुलपाखराला घालून आले. घामाने ते असे निथळत होते, की दुसरी अंघोळही झालीच म्हणायची. भाऊंचे डोळे भरून आले. आत्यासुद्धा म्हणाली, "शोभतोय हो." आणि विद्याधर पाटावर मांडी घालून बसले.

मित्रांनो, विलायती पाटलोण मांडीसाठी बेतलेली नसते. चित्रातला साहेब उभा होता, लवूने उभ्या माणसाची पाटलोण शिवली. माझ्या खालून आवाज आला: टर्रर्र! माझी बहीण मागच्या शिवणीपासून थेट गुडघ्यापर्यंत फाटली.

कुणी हललं नाही. वरणाची वाफ तेवढी वर जात होती. मग आत्या हळूच म्हणाली, "जाण्याआधी वस्त्र फाटलं. लक्षण बरं नाही, भाऊ."

भाऊंचा चेहरा उतरला. उत्तरा तशीच लवूकडे धावली. लवू आला, ओट्यावरूनच त्याने बहिणीकडे पाहिलं आणि टोपी काढली. "शिवणीर गेला असता तर सांदलंय असतंय. ह्यां कापडच फाटला. आज आयतवार, कापडाची दुकानां बंद. बोटीर नाय चालाचां ह्यां."

ऑफिसची पाटलोण घालून जेवणं तर भाऊंना चालणारच नव्हतं. विद्याधर पंचा गुंडाळून उभे होते. वर मी, फुलपाखरू आणि खाली पंचा. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मनात नसेल तर राहू दे. तुमचं मन मोडून मला जायचं नाही. मी उद्या ऑफिसात सांगतो."

भाऊ तडक आत गेले. आता ते "नको" म्हणायला बाहेर येणार, असं सगळ्यांनाच वाटलं. मला तर दांडीवरचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोर दिसू लागलं. भाऊ बाहेर आले. तेही पंचा नेसले होते. त्यांच्या हातात घडी केलेला जांभळा कद होता.

"वरचं त्यांचं घाल," ते म्हणाले. "खालचं आपलं नेस. जा."

"आणि तुम्ही काय नेसाल?"

"ते मी बघतो. तू ताटावर बस, वरण निवलं."

तर अशी माझी स्वारी बोटीवर चढली. पहिल्या रात्री जेवणघराच्या दारात मुख्य वेटर उभा होता. उंच, गोरा, पांढऱ्या हातमोज्यांचा. त्याने विद्याधरांना वरून खाली पाहिलं. कमरेपर्यंत तो खूश होता. मग त्याची नजर जांभळ्या रेशमापाशी अडली.

"माफ करा साहेब, डिनर-कोट आवश्यक आहे."

"घातलाय," विद्याधर म्हणाले. मी छाती फुगवली.

"पण खाली—"

"नियमात खालचं काही लिहिलंय?"

वेटरने भिंतीवरचा नियम वाचला. पुन्हा वाचला. खालचं काहीच लिहिलेलं नव्हतं. इंग्रजांना ते गृहीत धरण्याइतकं पक्कं वाटत होतं. तरी तो दारातून हलेना. मागे रांग वाढत चालली. विद्याधर माझं मधलं बटण पुन्हा पुन्हा लावत होते. ताट खोलीत, एकट्याने, सबंध प्रवासभर! भाऊंनी स्वतःच्या अंगावरून काढून दिलेल्या वस्त्राला बाहेर काढणार की काय!

एवढ्यात रांगेतून एक तांबडालाल म्हातारा पुढे आला. वर माझ्यासारखाच कोट, आणि खाली, मित्रांनो, चौकड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा. तो स्कॉटलंडचा होता. तिकडचे पुरुष समारंभाला तेच नेसतात. वेटरने त्याला वाकून सलाम केला.

"यांचं चालतं, मग माझं का नाही?" विद्याधर म्हणाले.

म्हाताऱ्याने कद निरखला. "रेशीम?"

"हो. वडिलांचा आहे."

"माझाही वडिलांचाच," तो म्हणाला आणि आपला घागरा त्याने अभिमानाने हलवला. "कुठलं घराणं?"

"खांबेटे. समुद्राकाठचे."

"मॅकफर्सन. डोंगरातले. चला, माझ्या टेबलाशी बसा." आणि वेटरकडे वळून तो म्हणाला, "हे घराणं फार जुनं आहे." वेटर बाजूला झाला.

त्या रात्री माझ्या आयुष्याचं सार्थक झालं. माझ्यावर सुपाचे दोन थेंब सांडले, ते मी आजवर जपलेत. अरबी समुद्राच्या उकाड्यात बाकीचे साहेब लोकरीच्या पाटलोणीत शिजत होते. फक्त माझ्या आणि मॅकफर्सनच्या कोटाखालून वारा खेळत होता. एडन येईपर्यंत दोघातिघांनी विद्याधरांना हळूच विचारलं, की असलं जांभळं वस्त्र कुठे मिळतं.

आणि घरी? घरची हकिकत मला बहिणीने सांगितली. बोट सुटली त्याच आठवड्यात लवूने छत्रीच्या कापडाचं ठिगळ लावून तिला जोडलं आणि घरी आणून दिलं. आत्या म्हणाली, "भाऊ, दुसरा कद आणायला सांगते."

"कशाला? लोकर आहे ही," भाऊ म्हणाले. "तो तिकडे माझं नेसून जेवतो. मी इकडे त्याचं घालून जेवेन."

आणि भाऊ रोज अंघोळ करून, वर उघडे, गळ्यात जानवं आणि खाली काळी पाटलोण अशा थाटात जेवायला येऊ लागले. मांडी घालायची सोय नव्हती. म्हणून स्वयंपाकघरात खुर्ची आली, खुर्चीवर पाट ठेवला, पाटावर भाऊ. ताट ठेवायला आत्याने कपाळाला हात लावून शिवणयंत्राचं टेबल दिलं. पहिल्या दिवशी तिने ताट लांबूनच सरकवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गुडघ्याला बरं पडतं का रे?" महिनाभराने तिनेही एक खुर्ची मागवली.

आम्ही परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. विद्याधर अंघोळ करून आले, पेटीतून घडी काढून त्यांनी भाऊंपुढे धरली. "भाऊ, तुमचा कद. धुऊन आणलाय."

भाऊ खुर्चीवरच्या पाटावर बसले होते. त्यांनी घडीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत केली. "तुझ्याच पेटीत ठेव."

"का हो?"

"पुन्हा पाठवतील तेव्हा ऐनवेळी शोधाशोध नको."

विद्याधर काहीतरी बोलणार होते, पण त्यांना एकदम खोकला आला. बराच वेळ आला.

तेव्हापासून मी दोनदा समुद्र पाहिला. आता पेटीत असतो. कधी नाटकातला डॉक्टर मला घालतो, कधी कुणी मला वकील म्हणतं. मी रागावत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि कुणी मोठ्या माणसाने स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून तुमच्या हातात दिलं, तर ते मापाला बसतं का, शोभतं का, हे आरशात बघत बसू नका. नेसा आणि जेवायला जा.