सोमवारचा पाऊस

या, असे जवळ या. खांबाला टेकून बसले त्यांनीही थोडं पुढं सरकावं. बुवांची गाडी अजून मेहकरलाच आहे आणि पखवाजाला कणीक लावायची बाकी आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, आपल्या डोणगावातली आहे, माझ्या घरातली. चूक कोणाची तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे शोधत बसायला नको. चूक माझी.

तुम्ही मला ओळखता. तीस वर्षं झाली, गावातल्या सप्ताहाचं मी पाहतो. बुवांना तारखा मागायच्या, पहाऱ्याची यादी लावायची, पत्रिका छापून आणायची. माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्रतीक्षा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकते, शेवटचं वर्ष. लोक विचारतात, पोरगी काय शिकते? सांगितलं की लगेच, "मंग इचारून सांगा ना भगवानराव, सोयाबीन कधी काढू?"

तिच्या विभागातून दर शुक्रवारी मुलांना एक पत्रक येतं, 'आगामी कार्यक्रम आणि संधी'. मला पत्रिका वाचायची हौस, हे तिला ठाऊक. म्हणून ती फोनवर मला ते वाचून दाखवायची. गुरुवारी चार वाजता व्याख्यान, नंतर चहा-समोसा. शनिवारी सकाळी गच्चीवरून हवामानाचा फुगा सोडणार. अमुक तारखेपर्यंत शोधनिबंधाचा सारांश पाठवा. मी म्हणायचो, "बाई, हे तं आपल्या सप्ताहासारखंच झालं. काकडा, हरिपाठ, कीर्तन, अन् शेवटी पंगत!" ती हसायची.

पण पत्रकाचा खालचा भाग आला की हसू जायचं. तिथं संधी असायच्या. एका प्रशिक्षणाला 'अनुभव असणाऱ्यांस प्राधान्य'. अहो, अनुभव घ्यायलाच तर पोरगी चालली ना? दुसऱ्याला दोन प्राध्यापकांची शिफारस हवी, आणि त्यातले एक परदेशात. तिसऱ्याचा अर्ज संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता. ती तेव्हा नांदुऱ्याहून येणाऱ्या एसटीत, घाटात, मोबाइलला रेंज नाही. पाच वाजून सात मिनिटांनी रेंज आली. मी स्टँडवर घ्यायला गेलो तर पोरगी बॅग पायाशी ठेवून नुसती उभी.

"काय झालं, बाई?"

"काई नाई, मोठेबाबा. सात मिनिटं झाली."

मग या जुलैत एक संधी तिच्या मापाची निघाली. ऑक्टोबरात महिनाभर कोकणच्या किनाऱ्यावर परतीच्या पावसाचा अभ्यास. रोज फुगे सोडायचे, रडारपाशी बसायचं, मोठमोठ्या शास्त्रज्ञांबरोबर काम. सगळ्या विद्यापीठांतून मिळून सहा जागा. शिफारस नको, अनुभव नको. अट एकच. कुठल्याही एका ठिकाणचा पाऊस पंचेचाळीस दिवस स्वतःच्या व्यवस्थेनं मोजलेला पाहिजे. रोज सकाळी साडेआठला. एकही दिवस चुकता कामा नये.

"हे तं वीणेच्या पहाऱ्यासारखं झालं," मी म्हटलं. "सात दिवस वीणा खाली टेकवायची नाई. एकाच्या गळ्यातून काढायची, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची."

"तसंच," ती म्हणाली. "अन् हे शेवटचं. पुढच्या सालात मी विद्यार्थी नसन. मंग या पत्रकातलं काईच माह्या कामाचं नाई."

ती दोन दिवसांसाठी आली आणि पर्जन्यमापक घेऊन आली. आमच्या अंगणावर शेजाऱ्याच्या पत्र्याची सावली. मोकळं आभाळ फक्त महादेवाच्या मंदिरापुढं. पण तिथं आमच्या समितीनं यंदाच पेव्हर ब्लॉक बसवलेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बेलाभोवतीसुद्धा सिमेंट केलं. मीच उभं राहून करून घेतलं, चिखल नको म्हणून. झेंड्याच्या खांबासाठी तेवढा एक चौकोन मातीचा सुटला होता. तिथं तिनं ते भांडं बसवलं आणि भोवती जाळीचं छोटं कुंपण घातलं. बाहेरून पाहिलं तर काय, वर नरसाळं आणि खाली जमिनीत गेलेलं नळकांडं.

मोजायचं काम तिनं तुळशीरामला दिलं. शाळेतला निवृत्त शिपाई. बत्तीस वर्षं घंटा दिली त्यानं, एक मिनिट इकडंतिकडं नाही. तिनं त्याला मोजपात्र दिलं, वही दिली, आणि बजावलं, "काका, जे दिसन तेच लिहायचं. आपल्या मनानं काई वाढवायचं नाई, काई कमी करायचं नाई."

"पोरी," तो म्हणाला, "मी हेडमास्तरच्या मनानं घंटा देल्ली नाई, तं माह्या मनानं पाऊस लिहिन काय?"

हे शिकवणं झालं तेव्हा मी तिथं नव्हतो. बुवांना घ्यायला नांदुरा स्टेशनवर गेलो होतो. घोटाळ्याची सुरुवात झाली ती इथं.

आता श्रावणातले सोमवार. सकाळी सहाला आपण सगळे महादेवावर पाणी घालतो. तांब्यात थोडं उरतंच. ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, ही आपल्या घरची शिकवण. आजवर ते मी बेलाच्या बुडाशी घालत आलो. पहिल्या सोमवारी बाहेर आलो तर बेलाला सिमेंट. जिकडं पाहावं तिकडं ब्लॉक, आणि ब्लॉकवर सगळ्यांचे पाय. उरलेला तांब्या हातात धरून मी गोल फिरलो. शेवटी ते कुंपण दिसलं. आत कुणाचा पाय पडत नाही, नरसाळं स्वच्छ, आणि मला वाटलं पाणी सरळ जमिनीत मुरत असेल. देवाचं नाव घेतलं आणि पाव लिटर पाणी त्यात सोडलं. वर मनाला बरंही वाटलं, की पोरीच्या भांड्याला देवाचं पाणी लागलं.

ते माझ्यामागं माझ्या बायकोनं, वच्छलानं पाहिलं. दुसऱ्या सोमवारी तिनंही तिच्या तांब्यातलं तिथंच घातलं. मी गावातला जुना वारकरी. मी केलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं धरून तिसऱ्या सोमवारी आम्ही चार जण झालो. चौथ्या सोमवारी सहा.

तुळशीराम साडेआठला यायचा. तोवर आम्ही घरी. फरशी ओली असायची, पण ती तर रोज धुतात. पहिल्या सोमवारी तो माझ्या ओट्याशी आला.

"भगवानभाऊ, रातच्याला पाणी आलं काय हो?"

"मले काय मालूम? आलं असन एखादं शिरवं."

"माह्या पत्र्यावर तं वाजलं नाई."

"तुह्या कानाले आता काय वाजते, तुळशीराम! बत्तीस साल घंटा ऐकली त्यायनं."

तो गेला. जाताना वहीत पुन्हा एकदा पाहिलं, पण खोडलं नाही. जे दिसन तेच लिहायचं, असं सांगितलं होतं ना. आणि रोजचा आकडा त्यानं नातवाकडून प्रतीक्षाच्या मोबाइलवर पाठवला. नुसता आकडा. तिचं तर तिकडं प्रयोगशाळा, परीक्षा. आकडे आले की ती तक्त्यात भरत गेली.

पंचेचाळीस दिवस झाले. खंड नाही. अर्ज गेला. पहिल्या चाळणीत दोनशेतून वीस मुलं राहिली, त्यात आमची. मी महादेवाला पेढे ठेवले.

मुलाखत गणपतीच्या सुट्टीत, ती घरी असतानाच आली. पुढच्या खोलीत लॅपटॉप, मागं धुतलेली चादर टांगलेली, पंखा बंद, कारण त्याचा आवाज होतो. मी आतल्या खोलीत खाटेवर माळ घेऊन बसलो. जप कसला, सगळे कान दाराशी.

पहिली दहा मिनिटं तिनं काय सुरेख उत्तरं दिली! ढग, दाब, वारे, मला कळलं नाही, पण अडखळणं नव्हतं हे कळलं. चांगला बुवा निरूपणात शिरला की असाच चालतो. मग एक सर म्हणाले, "तुमच्या नोंदी फार नीटनेटक्या आहेत. पण एक सांगा, हा पाऊस सोमवार पाळतो का?"

बाकीचे हसले.

"समजलं नाही, सर."

"श्रावणातला पहिला सोमवार, साडेबारा मिलिमीटर. दुसरा, पंचवीस. तिसरा, पन्नास. चौथा, पंच्याहत्तर. तालुक्याच्या नोंदीत हे चारही दिवस कोरडे आहेत. पंच्याहत्तर म्हणजे अतिवृष्टी, मॅडम. एकट्या डोणगावात?"

माझी माळ तिथंच थांबली.

"सर, आकडे खरे आहेत," प्रतीक्षा म्हणाली.

"मोजले कोणी?"

"तुळशीराम काकांनी. निवृत्त शिपाई आहेत."

"मग त्यांनी घरी बसून लिहिले असतील. असं होतं. लोकांना दोष नाही."

"नाही सर. काका घरी बसून लिहिणार नाहीत."

"मग पंच्याहत्तर कुठून आले?"

 मला उठायचं होतं. दारात जाऊन सांगायचं होतं की साहेब, ते पाणी माझं आहे. पण अंगात बनियन, आणि पडद्यावर ते पाच शहाणे चेहरे. मी उठलो नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण पाणी ओतलं ती चूक अजाणता झाली, पण उठलो नाही ती जाणूनबुजून. तेवढ्यात 'धन्यवाद, कळवू' असं म्हणून त्यांनी बंदही केलं.

मी बाहेर आलो. ती पडद्याकडंच पाहत होती.

"मोठेबाबा, तुळशीराम काका असं करतीन काय?"

"नाई."

"मंग?"

मग मी सांगितलं. तांब्या, बेल, सिमेंट, कुंपण, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, देवघरातला माझाच तांब्या घेतला, आणि म्हणाली, "चला."

मंदिरापुढं तिनं भांडं रिकामं केलं. "सोमवारी उरते तेवढंच पाणी ठेवा. हं, आता घाला." मी घातलं. थोडं बाहेर सांडलं, तर म्हणाली, "नाई, पुन्हा. पुरतं." पुन्हा घातलं. तिनं आतली बाटली काढून मोजपात्रात ओतली आणि डोळ्यांशी धरली.

"साडेबारा."

मी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे पह्यल्या सोमवारी तुमी एकटेच होते. दुसऱ्याले दोघं. मंग चौघं. मंग सहा." ती बोटांवर मोजत गेली. "तुमचं पाहूनच शिकले ना सारे?"

"हाव."

"मोठेबाबा, सप्ताहात कोणी वीणा खाली टेकवली असती, तं तुमी काय केलं असतं?"

तीस वर्षांत मी ती वीणा टेकू दिलेली नाही. आजारपणात नाही, वादळात नाही, मांडव उडाला त्या वर्षीही नाही.  मी म्हटलं, "त्याले गावात तोंड दाखवू देल्लं नसतं."

"मंग दाखवा आता," ती म्हणाली आणि तिथंच, त्या ब्लॉकवर बसून रडली. मेला तो ब्लॉक, एवढा महागाचा, एक थेंब आत घेत नाही.

त्याच दुपारी आम्ही पत्र लिहिलं. मी सांगितलं, तिनं टाइप केलं. खाली माझी सही, वच्छलाची, पाणी घालणाऱ्या सहाही जणांची. तुळशीरामनं वही आणून दिली, तिचे फोटो जोडले. त्यानं समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, चारही सोमवारी: 'पत्र्यावर आवाज नाही. भांड्यात पाणी आहे. दिसलं ते लिहिलं.' हे समास कुणी पाठवलेच नव्हते. नुसते आकडे गेले होते.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'समिती आपल्या प्रामाणिकपणाचे कौतुक करते. तथापि...' तो 'तथापि' वाचला की पुढचं वाचायला लागत नाही. चार दिवसांच्या नोंदी बाद, म्हणजे सलग पंचेचाळीस राहिले नाहीत. जागा सहा होत्या, भरल्या. कौतुक करता तर एक खुर्ची जास्त टाकायला काय झालं होतं? आपल्या पंगतीत ऐनवेळी आलेल्याला पान नाही म्हणतो का आपण? पण त्यांची पंगत वेगळी.

आणि शुक्रवारी पुन्हा ते पत्रक. या वेळी तिनं वाचून दाखवलं नाही, मोबाइलच माझ्यापुढं धरला. गुरुवार, चार वाजता, विद्यार्थी व्याख्यान. विषय, 'पर्जन्यमापनातील मानवी चुका: एका गावाचा अनुभव'. वक्ता, प्रतीक्षा. नंतर चहा-समोसा.

"पाहा," ती म्हणाली. "जागा नाई, प्रमाणपत्र नाई. अन् माहीच फजिती सांगायले वीस मिनिटं. मुलाखतीतल्या त्याच सरायनं विभागाले सांगून ठेवलं."

"नको वाटते तं नको जाऊ, बाई."

"जातो मी. ते सर पुढच्या रांगेत बसतेत. समासाचे फोटो मोठे करून भिंतीवर लावतो अन् त्यायच्याच तोंडून वाचून घेतो. वही खोटी नवती, येवढं तं म्हणा म्हणतो."

"अन् मले काय म्हणशीन तिथं?"

तिनं बॅगेची चेन ओढली. "एक ज्येष्ठ भाविक," ती म्हणाली. हसली नाही.

काल ती गेली. भांडं आता शाळेच्या मैदानात हललं आहे. तुळशीराम रोज साडेआठला जातो. ती मोहीम गेली, मोजायला कुणी सांगितलं नाही, तरी जातो. माझ्याशी बोलतो, पण कानाच्या त्या बोलण्यानंतर थोडं कमीच. बेलाभोवतीचे चार ब्लॉक मी माझ्या हातानं उकरून काढलेत. समितीतले रागावलेत, रागावू द्या.

हं, गाडी वाजली. बुवा आले वाटतं. उठण्याआधी एवढंच मागतो. येत्या सोमवारी पिंडीवर पाणी घालाल, तांब्यात थोडं उरेल, ते बेलाला घाला; मातीची जागा करून ठेवली आहे. आणि घालता घालता आमच्या प्रतीक्षाची आठवण करा. गुरुवारी चार वाजता, त्या सगळ्यांपुढं, ती माझी चूक सांगायला उभी राहणार आहे.