चढणारा एक, धरणारा एक

मी एक जुनी शिडी आहे. लाकडाची, नऊ पायऱ्यांची. माझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कळलं की लोक उगाच हळहळतात.

हा अर्धा इंच मला जन्मतःच मिळाला. मला घडवणारा सुतार हाताचा कुशल होता आणि तोंडाचाही. माझा उजवा पाय त्याने एकट्याने कापला. डावा कापताना त्याचा मेहुणा गप्पा मारायला आला. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिथून मी एका चार मजली इमारतीत आले. पहिल्याच आठवड्यात इमारतीचे सेक्रेटरी एकटेच माझ्यावर चढले आणि दुसऱ्याच वाटेने उतरले. त्यांचा पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टरमध्ये माणसाला नियम सुचतात. त्यांनी जिन्याखाली, माझ्या डोक्यावर पाटी लावली : 'चढणारा एक, धरणारा एक असल्याशिवाय शिडी मिळणार नाही.'

मित्रांनो, त्या पाटीने माझं भाग्य उजळलं. मला धरायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे धरणाऱ्याचा मोबाईल खिशातच राहतो. वरचा भिंतीकडे बघतो, खालचा वरच्याच्या टाचांकडे. अशा वेळी माणसं बरंच काही बोलून जातात. पहिल्या मजल्यावरच्या दोन जावा एका कुंडीवरून तीन वर्षं अबोला धरून होत्या. माळ्यावरची पेटी काढायची वेळ आली, तेव्हा घरात त्या दोघीच.

"नीट धरा हं, जाऊबाई," वरून धाकटी म्हणाली.

"धरलीय. तीन वर्षांनी तोंड उघडलंस, तेही पाचव्या पायरीवरून!"

पेटी खाली आली. कुंडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग इमारतीत ॲल्युमिनियमची शिडी आली. चकचकीत, हलकी, चार पायांवर स्वतःची स्वतः उभी राहणारी. तिला कुणी धरावं लागत नाही. सेक्रेटरींनी पाटी काढली. लोक एकेकटे यायचे, तिला काखेत मारून न्यायचे, एकेकटे परत ठेवायचे. तिचं सगळे कौतुक करत. मी शेजारीच धूळ खात उभी होते. खोटं कशाला बोलू, तिच्याशीही कुणी बोलत नसे.

मला विसरले नाहीत ते एकटे लिफ्टवाले काका. त्यांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली होती. दिवसाला पाचशे माणसं त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहत आणि सगळी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत. निवृत्त होऊन काका या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायला आले. इथे लिफ्ट नाही. नशिबालाही विनोदाचं अंग असतं.

काकांच्या खोलीतला बल्ब महिन्यात तिसऱ्यांदा गेला. तिन्ही वेळा त्यांनी मलाच नेलं आणि मला धरायला समोरच्या खोलीतल्या नर्सताईंना बोलावलं. त्याही नव्यानेच आलेल्या, ड्यूटीच्या विचित्र वेळांमुळे कुणाशी ओळख नसलेल्या. बल्ब बसवायला दोन मिनिटं लागत. खाली उतरायला काकांना पाऊण तास लागे, कारण ते प्रत्येक पायरीवर थांबून एक हकिगत सांगत.

चौथ्या वेळी नर्सताई म्हणाल्या, "काका, आज गुडघ्याला आराम द्या. मी चढते."

"अगं, नको, तू कशाला..."

तोवर त्या वर पोचल्या होत्या. त्यांनी बल्बला हात लावला, नुसता फिरवला आणि तो लागला.

"काका, हा गेला नव्हता. सैल होता."

"वाऱ्याने होत असेल."

"खिडकी बंद आहे."

काकांनी मला आणखी घट्ट धरलं. या खेपेला कारण माझा आखूड पाय नव्हता. नर्सताई उतरल्या आणि निघून गेल्या. काकांनी मला जिन्याखाली आणून ठेवलं. पुढचे आठ दिवस त्यांचा बल्ब गेला नाही.

नवव्या दिवशी सेक्रेटरी भंगारवाल्याला घेऊन आले. काका जिन्यातच होते. ते आडवे आले.

"हिला राहू द्या हो."

"अहो काका, नवी आहे ना! एकट्याला आरामात चढता येतं."

"तेच तर," काका म्हणाले.

भंगारवाल्याने मला उचललं. तेवढ्यात नर्सताई ड्यूटीवरून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"ठेवा ती खाली," त्या म्हणाल्या. "मला लागणार आहे. माझाही बल्ब फार सैल होतो."

"कधीपासून?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आज संध्याकाळपासून. काका, सहा वाजता धरायला या. चहा पिऊनच जा."

सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. त्यांना काही कळलं नाही, पण भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. काका सहाला जातात, मला न घेताच. परवा नर्सताईंचा बल्ब खरोखरच गेला. दोघं खिडकीपाशी खुर्च्या ओढून अंधारात गप्पा मारत बसले. मला आणायचं कुणाला सुचलंच नाही. जिन्याखाली उभ्याउभ्या त्यांचं हसणं ऐकताना मला जे वाटलं, ते शेजारच्या चकचकीत शिडीबाईला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. बघू, तिला कळतंय का.

मित्रांनो, तुमची रजा घेण्याआधी एकच मागणं. शेजारच्या काकांचा बल्ब वारंवार जात असेल, तर त्यांना चांगल्या कंपनीचा बल्ब सुचवू नका. जा आणि शिडी धरा. तुमचा बल्ब ठणठणीत असेल आणि तरी घर खायला उठत असेल, तर तो थोडा सैल करायला हरकत नाही. आणि आठवण झालीच, तर माझ्या नऊ पायऱ्यांवरून एकदा फडकं फिरवा.

तेही दोघांनी.