तूच खूण कर

सासऱ्यांनी कापता कापता कात्री टेबलावर ठेवली. माझ्या धाकट्या नणंदेने पहिल्यांदाच सरळ सांगून टाकलं होतं, की मला मोठ्याच कॉलेजात जायचंय.

दोन्हीकडे तिचं नाव लागलं होतं. एक कॉलेज गल्लीच्या टोकाला, फी परवडणारी, दुपारी घरी येऊन दुकानातल्या कपड्यांची काजं करता येतील असं. दुसरं लांबचं, वसतिगृहात राहायचं. पण तिथलं नाव सांगितलं की समोरचा माणूस उठून खुर्ची देतो.

आमचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काजं नणंद करते, हातशिलाई आणि पोर माझ्याकडे. आठवडाभर सगळे तिला चिडवत होते. मोठ्या कॉलेजात डोक्याला शिंगं फुटतात का, असं सासूबाईंचं विचारून झालं. हिला भेटायला आता आधी वेळ मागून घ्यावी लागेल, असं माझा नवरा म्हणाला. तीही हसायची. चिडवतात म्हणजे मनातून हो आहे, असं वाटलं असेल तिला.

सासरे कधीच कुणाला नाही म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाने कापड कमी आणलं, तर त्याच्याच हातात खडू देतात. बाही आखूड करू की उंची कमी करू, तुम्हीच खूण करा. माणूस आपल्या हाताने आपली बाही तोडतो, मग तक्रार करायला तोंड राहत नाही.

त्यांनी लेकीला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला.

"जा की बाळा. मी कोण अडवणारा?"

मग म्हणाले, यंदा नातीलाही टेकडीवरच्या चांगल्या शाळेत घालायचं चाललंय. दोन्ही एकदम झेपायचं नाही. "तुझं कॉलेज की हिची शाळा, तूच ठरव. तू म्हणशील तसं."

ही शाळा आदल्या दिवसापर्यंत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मापाची टेप गुंडाळत होता, जरा जास्तच मन लावून.

माझी मुलगी टेबलाखाली लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत होती. हे काम ती जीभ बाहेर काढून करते. टेकडीवरच्या शाळेचे गणवेश आम्ही एकदा शिवले होते. त्यातला एक, कुणी नसताना, मी तिच्या अंगाला लावून पाहिला होता.

नणंद माझ्याकडे वळली.

"वहिनी, खरंच घालताय तिला तिथे?"

छे, कुणी सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी सासऱ्यांचा डाव तिथेच मोडला असता. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण टेबलाखाली ती इवलीशी पाठ दिसत होती.

"जमलं तर बघू म्हणतोय," मी म्हणाले.

नणंदेने मग वेळ लावला नाही. जवळचंच बरं, म्हणाली, शिकवतात तर सगळीकडे तेच. शहाणी गं माझी ती, दुरून डोंगर साजरे असतात, सासूबाई म्हणाल्या. नवरा पुटपुटला, सुंठीवाचून खोकला गेला. सासऱ्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि पुन्हा कात्री उचलली. सगळे तिच्याशी इतकं गोड बोलत होते, की रडायलासुद्धा तिला निमित्त मिळेना. ती काजं घेऊन बसली.

रात्री मी नवऱ्याला विचारलं, शाळा बघायला कधी जायचं?

"कुठली शाळा?" तो म्हणाला.

नणंदेला हे अजून ठाऊक नाही. गल्लीच्या टोकावरच्या कॉलेजातून ती दुपारी येते, हातातली काजं उरकते आणि भाचीला जवळ घेऊन अक्षरं गिरवून घेते. पोरीचा हात हातात धरून, न कंटाळता. एक अक्षर वाकडं आलं की दोघी हसतात.

काल लेक पाटी घेऊन माझ्याकडे धावत आली. सगळं नाव तिने एकटीने लिहिलं होतं.

"आत्या म्हणते, टेकडीवरच्या शाळेत पहिल्याच दिवशी नाव लिहायला लावतात. आता येतं मला. आई, कधी जायचं?"